फोर बाय फोरचा दांडा हलतो का?

जून उजाडला की माळशेज, नाणेघाट आणि भीमाशंकरच्या वाटेवर थार, गुरखा, जुन्या सफारींची रांग लागते. ती पाहून पुण्यातल्या नोकरदारापासून मंचरच्या बागायतदारापर्यंत अनेकांच्या मनात एकच विचार येतो: नवी परवडत नाही, पण सेकंडहँड डिझेल फोर बाय फोर मिळाली तर?

आधी एक कडू गोष्ट. जुन्नर-आंबेगाव फिरायला अशी गाडी बहुधा लागतच नाही. घाटघरला एसटी जाते, आहुप्यालाही जाते. डोंगरकपारीतल्या गावांना वर्षानुवर्षं बाजार दाखवला तो वडापच्या जीपने, आणि त्यातल्या बहुतेक जीप मागच्या दोन चाकांवरच चालल्या. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणारा पिकअपही चिखलाच्या शेतरस्त्यातून निघतो, कारण क्रेटचं वजन बरोबर मागच्या ॲक्सलवर असतं. आणि भीमाशंकर अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालायची मुभा फोर बाय फोरवाल्यालाही नाही. तेव्हा ही गाडी घ्यायची ती पुढच्या प्रवासासाठी: स्पिती, लडाख, कच्छ. किंवा सरळ हौसेसाठी. हौस हे कारण वाईट नाही, फक्त ते स्वतःशी कबूल करावं.

बाजारात अशा गाड्या दोन प्रकारच्या सापडतात. एकीचा फोर बाय फोरचा दांडा मालकाने कधी हलवलाच नाही, दुसरीचा रोज हलवला. विकणारा पहिलीचं कौतुक करतो: ‘साहेब, कधी रस्ता सोडला नाही.’ मला हीच जास्त संशयास्पद वाटते. यंत्र न वापरताही बिघडतं. ट्रान्सफर केसमधली जोडणी गंजते, दांडा जाम होतो. काही गाड्यांत पुढच्या चाकांचे हब व्हॅक्यूमवर लॉक होतात. त्याच्या रबरी नळ्या वाळून चिरतात. मग डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागतो, पण पुढची चाकं नुसती मागच्यांच्या ढकलण्यावर फिरत राहतात.

याची खात्री डांबरावर करायची नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. साध्या, गरजेपुरत्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट मात्र एकाच वेगाने बांधलेले असतात. मातीवर हा फरक चाकं घसरून निघून जातो, डांबरावर तो गिअरांवर ताण देतो. म्हणून गाडी मोकळ्या, भुसभुशीत जागेत न्यावी, फोर लो टाकावं, पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गोगलगायीच्या वेगाने फिरवावी. गाडी जड झाली, अडल्यासारखी वाटली, पुढची चाकं माती ओरबाडू लागली, तर पुढचा ॲक्सल खरंच काम करतोय. लोण्यासारखी वळली तर भाव पाडा किंवा घरी जा. जाता जाता चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत ना, तेही बघा. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर फोर बाय फोरमध्ये तोच ताण सरळ चालतानाही राहतो.

दुसऱ्या प्रकारची, भरपूर राबलेली गाडी खालून बघायची असते. मिस्त्रीला रॅम्पवर चढवायला सांगा. चासीवर नवी वेल्डिंग किंवा नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर तो कशासाठी, हे विचारा. डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून पाहा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. सीटच्या बोल्टांवर गंज, मॅटखाली वाळलेला गाळ, म्हणजे गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१च्या चिपळूणच्या पुरानंतर ही तपासणी कुणी टाळू नये.

इंजिनाचं थोडक्यात. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू देऊ नका. ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचे झोत येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन खोलायला आलंय. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मीटरवरच्या आकड्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पॅडलची झीज खरं सांगते.

कुठली घ्यावी? इथे आपला भूगोल कामाला येतो. थार आणि बोलेरो नाशिकची, स्कॉर्पिओ-एन चाकणची, जुनी सफारी पिंपरी-चिंचवडची, गुरखावाल्या फोर्सचं मुख्यालय आकुर्डीला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांचे हात या इंजिनांवर बसलेले आहेत. गुरख्याला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलना हाताने लावायचे लॉक, शिवाय कंपनीचाच स्नॉर्कल. जुनी पजेरो देखणी खरी, पण एका सुट्या भागासाठी ती महिनाभर उभी राहू शकते. माझा कल २०१० ते २०२० मधल्या थार सीआरडीईकडे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसत्या गावातल्या गावात फिरवल्या तर तो तुंबतो आणि महागात पडतो.

कागदांत सगळ्यात आधी आरसीवर बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलं तरी अनेकांनी तो उतरवलेला नसतो. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचे तिथले निर्बंध २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवले आणि लोकांनी त्या परराज्यांत विकायला काढल्या. नियम पुढे बदलले, पण अशी गाडी एमएच-१४ वर आणायची तर तिथली एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स आलाच. तो धरून हिशेब करा. पंधरा वर्षांनंतर पासिंग करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळतात. एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, वर पर्यावरण कर. पुढे जाड लोखंडी बुलबार असेल तर काढून टाका; २०१७च्या अखेरीस केंद्राने त्यावर बंदी घातली आहे.

आणि विमा. आरसी नावावर झाली तरी पॉलिसी आपोआप पूर्ण आपली होत नाही. खरेदीपासून चौदा दिवसांत कंपनीला कळवून ती नावावर करून घ्यावी लागते. नाहीतर घाटात गाडी कठड्याला घासली, तर तिच्या दुरुस्तीचा दावा जुन्या मालकाच्या पॉलिसीवर अडकून पडतो.