सीए रिपोर्टमागचा माणूस

मृताचा व्हिसेरा, जप्त केलेली दारू, विहिरीचे पाणी किंवा भेसळीचा संशय असलेले दूध तपासून शासनाच्या वतीने लेखी निष्कर्ष देणारा माणूस म्हणजे सरकारी रसायनतज्ज्ञ. गुन्ह्यांची तपासणी करणाऱ्या शाखेत त्याला रासायनिक विश्लेषक म्हणतात. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात मात्र ‘केमिकल अॅनालायझर’ हेच नाव रुळले आहे आणि त्याच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात.

हे पद ब्रिटिश काळापासूनचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आय. बी. लायन हे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. भारतातील न्यायवैद्यकावरचा त्यांचा ग्रंथ पुढे अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१०ने रासायनिक तज्ज्ञाचा सही केलेला अहवाल पुरावा म्हणून स्वीकारण्याची सोय केली. १९७३च्या संहितेत ती कलम २९३मध्ये आली आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३२९मध्ये आहे. तज्ज्ञ प्रत्यक्ष हजर नसला तरी त्याचा कागद कोर्टात बोलतो. न्यायालयाला गरज वाटली, तर मात्र त्याला साक्षीला बोलावता येते.

कोकणातल्या, उदाहरणार्थ रत्नागिरीच्या, मुलासाठी या नोकरीची वाट दीर्घकाळ घर सोडूनच जात असे. आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५मध्ये सुरू झाले. त्याआधी महाविद्यालयीन शिक्षणासाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. नोकरीचे मोठे केंद्रही मुंबईच. कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. तोवर प्रवास एसटीचा किंवा बोटीचा होता. गावी आई-वडील, मुंबईत भाड्याची खोली, दर महिन्याची मनीऑर्डर आणि शिमगा-गणपतीची रजा, असा चाकरमान्याचा संसार रसायनतज्ज्ञालाही चुकला नाही.

त्याच्या कामाचा कणा म्हणजे शिस्त. पहिली शाखा गुन्ह्यांची. शवविच्छेदनात जठर व त्यातील द्रव्य, लहान आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंड यांचे नमुने स्वतंत्र बरण्यांत घेतले जातात. ते टिकवण्यासाठी बहुधा मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. दारूच्या विषबाधेचा संशय असेल, तर स्पिरिट वापरता येत नाही, कारण ते स्वतःच अल्कोहोल आहे. बरण्यांवर लाखेची मोहर लावली जाते. प्रयोगशाळेत पहिले काम म्हणजे ती मोहर शाबूत आहे का आणि सोबतच्या नमुना-मोहरेशी जुळते का, हे पाहणे. त्यानंतर विष अवयवांतून वेगळे काढून ओळखले जाते. सोमल (आर्सेनिक) शोधण्यासाठी जेम्स मार्श यांनी १८३६मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. तिच्यात जस्त आणि आम्लामुळे सोमलाचा वायू तयार होतो आणि तापवलेल्या काचनळीत काळा चकचकीत थर जमतो. कीटकनाशके आली तशी क्रोमॅटोग्राफीची तंत्रेही प्रयोगशाळेत आली. ‘विष आढळले नाही’ हाही निष्कर्षच असतो, आणि त्याने एखाद्या निरपराध माणसावरचा संशय दूर होऊ शकतो.

दुसरी शाखा पाण्याची. रत्नागिरीत पाऊस भरपूर पडतो, पण सच्छिद्र जांभ्यातून पाणी भराभर झिरपून जाते आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात. किनाऱ्यालगत जादा उपसा झाला की खारे पाणी आत शिरते. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही तपासावी लागते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते. ओल लागली किंवा पावडर जुनी झाली की ते घटते आणि पावडर टाकूनही पाणी निर्जंतुक होत नाही. साथ येण्याआधी ही गोष्ट लक्षात आली, तर सारे गाव आजारातून वाचते. त्या बचावाची बातमी मात्र कधी होत नाही.

तिसरी शाखा अन्नाची. १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात ‘लोकविश्लेषक’ होता. ५ ऑगस्ट २०११पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षा कायद्यात तो ‘अन्न विश्लेषक’ झाला. नमुन्याचे चार भाग करतात आणि विश्लेषकाने साधारणपणे १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. हापूसच्या जिल्ह्यात कॅल्शियम कार्बाइडचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. त्याने आंबा पिकवण्यास बंदी आहे, कारण औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात.

या साऱ्यात घरच्यांच्या वाट्याला त्याचे काम फारसे येत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्याबद्दल जेवणाच्या पानावर बोलता येत नाही. मुलांना बाबांच्या ठरलेल्या वेळा, कपड्यांना येणारा रसायनांचा वास आणि समन्स आले की आदल्या रात्री चाललेले कागदांचे वाचन एवढेच माहीत असते.

वयाच्या ५८व्या वर्षी राज्य शासनाची नोकरी संपते. जुन्या खटल्यांची समन्से त्यानंतरही येऊ शकतात आणि स्वतःच्या सहीला उत्तर द्यायला निवृत्त माणसालाच उभे राहावे लागते. गावाकडे परतलेल्या रसायनतज्ज्ञाचे ज्ञान शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडते. दुधात आयोडीनचे थेंब टाकून निळा रंग आला, तर पिठूळ पदार्थाची भेसळ ओळखता येते. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर गडद गुलाबी-जांभळा रंग आला, तर मेटॅनिल यलोचा संशय घेता येतो.

अशा माणसाची आठवण लिहायची, तर नुसता पदांचा क्रम पुरत नाही. तो कोणत्या शाखेत होता, त्या काळी कोणती साधने होती, बदल्या कुठे झाल्या आणि त्याच्या गैरहजेरीत घर कोणी सांभाळले, हे सारे त्यात यायला हवे. सहकाऱ्यांना कामाची पद्धत ठाऊक असते, कुटुंबाला स्वभाव. दोन्हीकडून विचारून लिहिले, तरच अहवालाखालच्या सहीमागचा माणूस पुढच्या पिढीला भेटतो.