मिठाच्या पोटात तेल

किनाऱ्यावरच्या माणसाला मीठ ठाऊक असते ते मिठागरातले, उन्हात पिकलेले. जमिनीखाली सहाशे मीटरांहून खोल मिठाचे डोंगर गाडलेले असावेत आणि त्यांच्या पोटात एका बलाढ्य राष्ट्राने तेल भरून ठेवावे, ही त्याला कपोलकल्पित कथा वाटेल. परंतु १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, त्या चटक्याने जागे होऊन अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला आणि टेक्सास व लुइझियाना येथील मिठाच्या घुमटांचा आश्रय घेतला. तेथील विवरांत आज सुमारे ७१ कोटी पिंपे तेल मावते. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले, तेव्हा यातूनच १८ कोटी पिंपे बाजारात आणण्याचा निर्णय झाला.

युक्ती साधी आहे. विंधन घेऊन गोडे पाणी आत सोडायचे, मीठ विरघळले की खारे पाणी बाहेर काढायचे; उरते ती पोकळी. तेलात मीठ विरघळत नाही, आणि वरच्या भाराखाली मीठ सावकाश सरकत असल्याने बारीक भेगा आपोआप बुजतात. तेल हवे झाले की तळाशी पाणी सोडावे, हलके तेल वर येते. नैसर्गिक वायूही असाच दाबून ठेवतात. जर्मनीत अशी विवरे पुष्कळ आहेत.

मात्र एक पिंप जागा कोरावयास सात पिंपे पाणी लागते, आणि ते खारट होऊन पुन्हा कोठेतरी टाकावे लागते. अमेरिकेने ते मेक्सिकोच्या आखातात सोडले. आपले भूगर्भातील मीठ आहे राजस्थानात, बिकानेरच्या बाजूस! तेथे अशा साठ्याची कल्पना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. जेथे कालव्याचे पाणी शेकडो मैलांवरून आणावे लागते, तेथे हे पाणी कोणाच्या वाट्यातून काढणार, आणि खारवणी कोणाच्या शेताशेजारी मुरवणार? याचे उत्तर आधी हवे, विवर मागाहून.

आजवर आपण मिठाऐवजी कठीण खडक कोरला. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर मिळून ५३.३ लाख टनांची सोय झाली. पैकी दोन ठिकाणे आमच्याच पश्चिम किनाऱ्यावरची. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तेल मातीमोल झाले असता ती भरून घेतली, हे सरकारने उत्तम केले. पण सरकारच्याच हिशेबाने हा साठा जेमतेम साडेनऊ दिवसांचा, आणि गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल तर परदेशांतून यावयाचे! चंडीखोल व पादूर येथील आणखी ६५ लाख टनांच्या साठ्यास २०२१ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ते काम रेंगाळू नये. मात्र ज्यांच्या जमिनी त्यासाठी जातील, त्यांचा मोबदला पहिला सुरुंग उडण्यापूर्वी त्यांच्या हाती पडला पाहिजे.