नवी संगणक-प्रणाली आणि शाळेचे दप्तर



गेल्या काही महिन्यांतील शाळाभेटींच्या वेळी एक तक्रार मी वारंवार ऐकली. शाळेच्या संगणकावर नवी प्रणाली आली, आणि जे काम पूर्वी मधल्या सुट्टीत उरकत असे, त्यास आता शाळा सुटल्यानंतरचा तासही पुरत नाही. ही तक्रार करणारे शिक्षक आळशी नाहीत. त्यांतील कित्येकांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एमएस-सीआयटीची परीक्षा देऊन संगणक आत्मसात केला आहे. म्हणूनच या तक्रारीचा नीट विचार करावा, असे वाटले.

हा बदल आताच का आला, ते प्रथम सांगितले पाहिजे. २०१५ साली निघालेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणाऱ्या विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. मर्यादित मुदतीसाठी स्वतंत्र नोंदणी करून काही दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली, परंतु ती तात्पुरती आहे. जुनी प्रणाली त्या दिवशी बंद पडली असे नव्हे. ज्या घराच्या कुलपाची दुरुस्ती यापुढे होणार नाही अशा घरासारखी तिची स्थिती झाली. अशा घरात मुलांच्या नोंदी ठेवणे योग्य नाही. यास्तव अनेक ठिकाणी २०२१ साली निघालेली ‘विंडोज ११’ ही प्रणाली आली, अथवा नवा संगणकच आला.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली हिचे काम मुख्याध्यापकासारखे आहे. कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल, घंटा केव्हा होईल, कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हे मुख्याध्यापक ठरवितात, आणि त्या व्यवस्थेत प्रत्येक वर्गशिक्षक आपापला पाठ घेतो. त्याप्रमाणे लेखनाचा, हिशेबाचा वा चित्रांचा कार्यक्रम आपापले काम करतो. त्यास जागा देणे, छपाईयंत्राशी गाठ घालून देणे आणि फाइल कपाटात ठेवणे ही कामे कार्यप्रणालीची. नवे मुख्याध्यापक आले की पाठ बदलत नाहीत, पण किल्लीची जागा बदलते. आपली अडचण नेमकी तेवढीच आहे.

आपली बरीचशी नित्याची कामे बदललेलीच नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. शालार्थ, सरल, यू-डायस प्लस ही कामे आपण ब्राउझरमधून करतो. ती माहिती शाळेच्या संगणकात नसून दूरच्या सर्व्हरवर असते. प्रणाली कोणतीही असो, ते पान तेच दिसते.

हाताची सवय

मी पिंपळे सौदागर येथे राहतो. हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत कामास जाणारी मंडळी आमच्या इमारतीत घरोघरी आहेत. तरीही घरच्या संगणकावर नवी प्रणाली घेतल्यावर पहिला आठवडाभर माझा हात पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जात असे. ‘स्टार्ट’चे बटन तेथून निघून मध्यभागी आले होते. उजव्या कळीने उघडणारी यादी आखूड झाली होती, आणि ‘कॉपी’, ‘पेस्ट’ या शब्दांऐवजी तेथे लहान चित्रे आली होती. शेजारच्या एका मुलाने सेटिंग्जमधील टास्कबारच्या पर्यायांत जाऊन ते बटन दोन मिनिटांत पुन्हा डावीकडे आणून दिले. विचारले असते तर आठवड्याचा त्रास वाचला असता. वडीलधाऱ्या माणसास विचारण्याचा संकोच वाटतो, तो आपणच प्रथम टाकला पाहिजे.

आपल्या आधीच्या पिढीतील शिक्षकांनी याहून मोठा बदल पचविला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले. जुनी व नवी नाणी काही काळ बरोबरच चालत होती. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होत, आणि त्या पावाचा घोळ बाजारात रोज होई. कोष्टके शाळेत शिकविली गेली आणि मुलांच्या तोंडून ती घराघरांत गेली. १९६४ साली ‘नवे’ हे विशेषणही गळून पडले, कारण नाणे तोवर जुने झाले होते. हाताची सवय अशीच बदलते. तिला काही आठवडे द्यावे लागतात, त्याबद्दल खेद करू नये.

खरा धोका कोठे आहे?

सवयीचा त्रास आपोआप कमी होतो. एक हानी मात्र आपोआप भरून येत नाही, आणि तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

मी चाकण परिसरातील एका शाळेत शिक्षक होतो. त्या पट्ट्यातील कारखान्यांच्या कामासाठी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून कुटुंबे येतात. त्यांची मुले वर्षाच्या मध्यास शाळेत येतात आणि कित्येकदा मध्यासच निघून जातात. अशा मुलांची एक टिपणवही मी संगणकावर ठेवीत असे: कोणत्या गावाहून आला, वाचन कोठवर आले, कोणाच्या डोळ्यांची तपासणी झाली. पुढे बदली झाली व ती फाइल मजबरोबर आली. नव्या प्रणालीवर ती उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची ओळीमागून ओळ होती. एका मुलीच्या आईला तिच्या पूर्वीच्या शिक्षणाची माहिती हवी होती. ती माहिती माझ्यासमोर होती, पण मला वाचता येत नव्हती. जनरल रजिस्टर कागदावर असल्याने दाखल्याचे काम अडले नाही. परंतु त्या मुलीविषयी शिक्षकाने जे जाणले होते, ते त्या रजिस्टरात नव्हते. सुदैवाने माझा जुना संगणक अडगळीत अद्याप चालू स्थितीत होता, म्हणून ती टिपणे वाचली. दोष प्रणालीचा नव्हता. मी वेळीच जपणूक केली नाही, हा माझाच दोष होता.

असे का घडते, ते शिक्षकांस सहज कळण्याजोगे आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकावर देवनागरीचे आकार बसविलेले असत. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसे. फॉन्ट नाहीसा झाला की खालचे रोमन अक्षर उघडे पडे. शिवाय प्रत्येक फॉन्टची बसवणूक निराळी. युनिकोड या जागतिक पद्धतीने, जिचा पहिला खंड १९९१ साली निघाला, देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र स्थाने राखून ठेवली. त्यामुळे ‘क’ हा कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी अक्षररचनाकारांनी घडविला. भारतीय भाषांच्या संगणकीय लेखनासाठी १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने मोठे काम केले. म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाही.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांस दिसतात त्या क्रमाने साठविली जात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी व ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. आधी ‘क’, मग वेलांटी. ‘धर्म’ या शब्दातील रफार दिसतो ‘म’च्या डोक्यावर, पण साठविला जातो ‘म’च्या आधी, जसा आपण तो उच्चारतो. बाराखडी शिकविणाऱ्यास हे नव्याने सांगावयास नको. जुनी फाइल रूपांतरित करताना मात्र नेमक्या याच ठिकाणी चुका होतात. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार नाहीसा होतो, जोडाक्षर फुटते. मुलाच्या नावात अशी चूक राहिली तर ती त्याच्या पुढील कागदपत्रांत जाऊन बसते.

पहिल्या तीन महिन्यांचा क्रम

१. प्रणाली बदलण्यापूर्वी: शाळेच्या सर्व फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर व दुसरी निराळ्या ठिकाणी ठेवावी. वापरात असलेल्या मराठी फॉन्टांच्या फाइलीही त्याबरोबर घ्याव्यात. जुना संगणक जमा करण्याची घाई करू नये.

२. पहिले दहा दिवस: विंडोज १० वरून ११ वर त्याच यंत्रात बदल केला असल्यास सामान्यतः दहा दिवसांपर्यंत मागे जाण्याचा पर्याय सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ या भागात असतो. म्हणून छपाईयंत्र, स्कॅनर, प्रक्षेपक यांची परीक्षा या दहा दिवसांतच घ्यावी. परीक्षेस अथवा निकालास लागून बदल करू नये.

३. पहिला महिना: भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडावी. विंडोजची कळ व स्पेस एकदम दाबली की मराठी-इंग्रजी कळफलक बदलतो. ज्यांनी टंकलेखनयंत्राच्या धर्तीवर मराठी शिकले, त्यांस इनस्क्रिप्ट कळफलक आरंभी जड जाईल. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, हे तत्त्व धरून रोज पंधरा मिनिटे लिहावे. उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी मराठी लिहिण्याचीही सोय आहे. ज्यास जी साधेल ती त्याने घ्यावी. फाइल प्रत्यक्ष यंत्रात साठते की वनड्राइव्हवर, हेही याच महिन्यात पाहून ठेवावे. नेट नसलेल्या वस्तीशाळेत हा भेद महत्त्वाचा ठरतो.

४. दुसरा व तिसरा महिना: जुन्या फॉन्टांतील फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात. सर्व एकदम नकोत. मुलांच्या नावांच्या याद्या आधी, मग निकाल, मग इतर. रूपांतरानंतर रुजवात घ्यावी. एकाने जनरल रजिस्टरातून नाव वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. जुनी फाइल पुसू नये. तिची एक छापील प्रतही काढून ठेवावी.

५. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. अडचण कोणती आली, कोणी सोडविली, कशी सोडविली, हे तीन ओळींत लिहावे. बदलून येणाऱ्या शिक्षकास हीच वही गुरू होईल.

ज्या शाळांचे संगणक जुने आहेत व विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांनी निराश होऊ नये. त्या प्रणालीस किमान चार जीबी स्मृतीबरोबर टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक लागतो, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत तो नसतो. अशा यंत्रावर लिनक्स या मुक्त प्रणालीचा विचार करता येतो. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसह चालणारी लिनक्स-प्रणाली तयार केली आहे, आणि केरळातील शासकीय शाळांत मुक्त प्रणालीवर कित्येक वर्षे अध्यापन चालू आहे. मात्र असा बदल एकट्याने न करता केंद्रातील जाणकार सहकाऱ्याच्या मदतीने करावा.

समारोप

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील अगणित कागद आहेत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. वाचणारे मात्र थोडे उरले. राज्यात २०२३ सालापासून जुन्या नोंदींचा मोठा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरेही उघडली गेली आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. ज्या गुरुजींनी त्या नोंदी केल्या, त्यांना आपली लिपी पुढे कोणास वाचता येणार नाही, असे स्वप्नातही वाटले नसेल. मोडी मागे पडावयास काही पिढ्या लागल्या. संगणकातील फॉन्ट दहा वर्षांत मागे पडतो.

यास्तव बटन कोठे गेले याची चिंता थोडी करावी आणि मुलांच्या नोंदी कोठे आहेत याची अधिक करावी. बटन आपणांस आठ दिवसांत सापडेल. जुना संगणक चालू आहे तोवरच त्यातील मराठी सोडवून घेता येईल. येत्या केंद्र-संमेलनात प्रत्येक शाळेने जुन्या फॉन्टांतील आपल्या फाइलींची यादी आणावी, म्हणजे एकमेकांच्या साहाय्याने हे काम मार्गी लागेल.

— शिक्षण विस्तार अधिकारी