मित्रांच्या भरवशावर पहिली शॉर्टफिल्म

पुण्यात एकांकिका करणारी मंडळी गणपती उठले की मोकळी होतात. पुरुषोत्तम करंडक आटोपलेला असतो, संध्याकाळी तालमीला जायची सवय काही सुटलेली नसते, आणि कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘आता एक शॉर्टफिल्म करू या.’ एकाकडे बरा फोन असतो, दुसऱ्याचा मामेभाऊ लग्नांची शूटिंगं करतो, तिसऱ्याला एडिटिंग येतं असा सगळ्यांचा समज असतो. आठवड्याभरात व्हॉट्सॲप ग्रुपला नाव मिळतं, पोस्टरसुद्धा तयार होतं. दिवाळीनंतर ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक उरतात.

मधल्या काळात काय होतं, हे बघण्यासारखं असतं. चित्राच्या बाबतीत आता रडायला जागा नाही, आजचा कुठलाही बरा फोन चित्र छान टिपतो. घोळ सुरू होतो तो कागदावर. पहिली संहिता माणूस स्वतः पाहिलेल्या सिनेमांतून लिहितो. त्यामुळे तिच्यात पोलीस स्टेशन येतं, हॉस्पिटल येतं, रात्रीचा एक्स्प्रेस-वे आणि पावसातला पाठलाग येतो. हाताशी असतं काय? एक टू-बीएचके, एक गच्ची, एक स्कूटर आणि रविवार. मग कुणाच्या तरी बेडरूमचं हॉस्पिटल होतं आणि पडद्याच्या दांडीला अडकवलेली सलाइनची बाटली बघून प्रेक्षक हसतात. प्रसंग आईच्या मृत्यूचा असतो.

म्हणून पहिली फिल्म उलट्या बाजूनं लिहावी, असं माझं ठाम मत आहे. कुठल्या जागा फुकट आणि निवांत मिळतात, कोण किती रविवार देऊ शकतो, कुणाच्या आजीला कॅमेऱ्यासमोर बसायला आवडेल, याची आधी यादी करायची. गोष्ट त्या यादीतून काढायची.

हे काही नवं शहाणपण नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांनाही पैसेवाल्यांना पटवायचं होतं की आपल्याला हे जमतं. त्यांनी त्यासाठी पौराणिक कथा घेतली नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिथंच ठेवला आणि ठरावीक वेळानं एकेक चौकट टिपत राहिले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या चित्रफितीत नट नव्हता, संवाद नव्हता, लोकेशन घरातलंच. ती दाखवून भांडवल उभं राहिलं आणि १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यातही रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र, तारामती झाले ते हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके, आणि सगळ्या पथकाच्या जेवणाची जबाबदारी होती त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंवर. भारतीय सिनेमाची सुरुवात घरच्या माणसांना कामाला लावूनच झालेली आहे.

दुसरं उदाहरण ख्रिस्तोफर नोलनचं. त्याची पहिली पूर्ण लांबीची फिल्म ‘फॉलोइंग’ १९९८मध्ये आली. फिल्म लहान नव्हती, सत्तर मिनिटांच्या आसपास होती, पण पद्धत आपल्या पोरांचीच. सगळे मित्र नोकरदार, त्यामुळे चित्रीकरण फक्त सुट्टीच्या दिवशी, ते वर्षभर चाललं. घरं मित्रांची आणि आईवडिलांची. प्रकाश बहुतेक खिडकीतून येणारा. सोळा मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म महाग पडत होती, म्हणून नाटकासारख्या तालमी करून एक-दोन टेकमध्ये शॉट उरकायचे. एकांकिकावाल्यांनी हे नीट वाचावं. तालीम ही त्यांच्याकडची आयती ठेव आहे आणि शॉर्टफिल्म करताना ते नेमकी तीच सोडून देतात. ‘सेटवर बघू रे’ असं म्हणतात.

सेटवर बघायला वेळच नसतो. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा हिशेब सगळीकडे चालतो. आता एक पान घेऊ. दोन मित्र स्वयंपाकघरात चहा पिताहेत आणि एक जण दुसऱ्याला उसने दिलेले पैसे परत मागतोय. रंगमंचावर हा प्रवेश सव्वा मिनिटात होतो. फिल्ममध्ये त्यासाठी आधी दोघं दिसतील असा लांबचा शॉट, मग पैसे मागणाऱ्याचा क्लोजअप, मग ऐकणाऱ्याचा, मग कपाभोवती फिरणारं बोट आणि शेवटी बशीत टेकलेला कप. दर वेळी कॅमेरा हलला की दिवा हलतो, थर्माकोलची शीट धरणारा हलतो, फ्रेममध्ये आलेली चार्जरची वायर काढावी लागते. दर वेळी चहा त्याच पातळीपर्यंत भरायचा. तो एव्हाना गार झालाय, वर साय धरलीय आणि नटाला तो प्यायचाच आहे. तेवढ्यात खिडकीतलं ऊन ओट्यावरून भिंतीवर सरकलेलं असतं. सकाळी नऊला सुरू केलेलं हे पान दुपारी एकला संपलं, तर पथक चांगलं आहे असं समजावं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी दिवसाला दोन पानांच्या वर हाव धरू नये.

या चार तासांत खरं काम एका वेळी दोघं-तिघं करत असतात. बाकीचे बसून असतात. नाटकाच्या तालमीत असं होत नाही, तिथं विंगेत उभा असलेलाही प्रवेशात असतो. शूटिंगला आलेले मित्र मात्र रिकामे बसतात, आणि रिकाम्या मित्राला मतं सुचतात. ‘अरे, हाच शॉट खालून घेऊन बघ ना.’ दिग्दर्शक त्याला गप्प करू शकत नाही, कारण तोच स्कूटर देणार आहे. पगारी माणसाला ‘तू गाडी अडव, बाकी बोलू नकोस’ असं सांगता येतं. मित्राला सांगितलं तर तो पुढच्या रविवारी येत नाही. तेव्हा प्रत्येकाला नेमकं काम हवं आणि ज्याचं त्या दिवशी काम नाही, त्याला बोलवूच नये. कोण किती वाजता आणि कुठं हे आदल्या रात्री लिहून पाठवायचं, म्हणजेच कॉलशीट, हा मोठ्या युनिटचा थाट वाटतो. त्याची खरी गरज फुकट काम करणाऱ्यांना असते. घड्याळाकडे बघून ओरडणारा सहायक दिग्दर्शक वेगळा ठेवावा आणि तो शक्यतो गटातला सगळ्यांत कमी लाडका माणूस असावा. जेवण मात्र वेळेवर आणि पोटभर. दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवून मग वडापाव आणणाऱ्या दिग्दर्शकाला दुसरा रविवार मिळत नाही.

आणि दुसरा रविवार हा पहिल्यासारखा नसतोच. नायकानं इंटरव्ह्यूसाठी केस कापलेले असतात. समोरच्या इमारतीला हिरवी जाळी लागलेली असते. सत्यजित राय ‘पथेर पांचाली’ करताना स्वतः जाहिरात कंपनीत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करायचे. काशफुलांच्या शेतातला प्रवेश त्यांनी १९५२च्या शरदात अर्धा टिपला, पुढच्या रविवारी उरलेला घ्यायला गेले, तर गुरांनी फुलं खाऊन टाकली होती. पुन्हा फुलं येईपर्यंत त्यांना पुढच्या वर्षाची वाट बघावी लागली. आपल्याकडे तेवढा धीर कुठला! एक प्रवेश एकाच दिवशी संपेल इतका लहान लिहिणं, हा त्यावरचा उपाय. प्रत्येक शॉटनंतर फोनवर एक साधा फोटो काढून ठेवावा. कुठल्या हातात घड्याळ होतं, यावरून एडिटच्या वेळी होणारी भांडणं तरी वाचतात.

आता आवाज. माझ्या पाहण्यात ज्या नवख्या फिल्म बसल्या, त्यातल्या बहुतेक आवाजामुळे बसल्या. थोडं अंधारलेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, शैली समजतो. संवाद कळला नाही की तो मोबाइल काढतो. आपला कान खोलीतला पंखा, फ्रिज, रस्त्यावरची बस आपसूक बाजूला सारतो. माइक सारत नाही. त्यात कॅमेऱ्यातलाच माइक वापरला तर तो नटापासून आठ फुटांवर. अंतर दुप्पट झालं की थेट आवाजाची पातळी सहा डेसिबलनं उतरते, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून महागड्या लेन्सच्या आधी कॉलरला लावायचा साधा माइक घ्यावा, नाहीतर दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून फ्रेमच्या अगदी काठाशी, फळीवरच्या डब्यामागे ठेवावा. शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवायची, म्हणजे दोन रेकॉर्डिंगं नंतर जुळवता येतात. क्लॅप बोर्ड असतो तो याचसाठी, इन्स्टाग्रामच्या फोटोसाठी नव्हे. प्रवेश संपला की सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीची अर्धा मिनिट शांतता टिपून ठेवायची. संवादांच्या सांध्यांमध्ये तीच भरावी लागते.

पंखा आपला, तो बंद करता येतो. वरच्या मजल्याचं काय?

‘काकू, दहा मिनिटं मिक्सर थांबवाल का? शूटिंग चालू आहे.’

‘सकाळपासून दहा मिनिटंच चाललीयेत तुमची. चटणी कधी वाटू मी?’

यावर उत्तर नाही. रेकी करताना जागा नुसती बघू नये, ज्या वेळी चित्रीकरण करायचं त्याच वेळी तिथं डोळे मिटून बसावं. पाण्याचा टँकर किती वाजता येतो, शेजारच्या शाळेची मधली सुट्टी कधी होते, हे तिथंच कळतं. किंवा मग आवाजालाच गोष्टीत घ्यावं. उमेश कुलकर्णी यांनी एफटीआयआयमध्ये असताना केलेली ‘गिरणी’ आठवा. लहानशा घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीखाली एका मुलाचं बालपण दबत जातं. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी ती शॉर्टफिल्म आवाजावरच उभी आहे.

नटांच्या आवाजाची गोष्ट वेगळी. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचं शिक्षण झालेला पोरगा तीन फुटांवरच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा भुवया, मान, हात सगळंच बोलायला लागतं. त्याला ‘कमी कर’ म्हणून काही होत नाही. समोरच्या नटाच्या कानात सांगितल्यासारखं बोल, असं म्हटलं की बराच फरक पडतो. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’मध्ये सूरज पवार हा कॅमेऱ्याची काहीच सवय नसलेला मुलगा होता आणि राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये त्याच्या कामाचीही दखल घेतली गेली. कधी कधी नट नसलेला माणूस बरा पडतो, तो असा.

तांत्रिक कटकटी पुष्कळ आहेत, एकच सांगतो. ट्यूबलाइटखाली टिपलेल्या चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि पोरं फोनला शिव्या घालतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोन बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो, हा आकडा अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेशी जुळणारा. फ्रेम रेट २५ आणि शटर एकपन्नासांश सेकंद ठेवलं की पट्टे जातात. सोबत एक्स्पोजर लॉक करावं, नाहीतर नट खिडकीसमोरून गेला की खोली आपोआप काळवंडते. आणि त्याच रात्री सगळं फुटेज दोन वेगळ्या जागी उतरवून घ्यावं, मगच फोन रिकामा करावा.

परवानगीकडे बहुतेकांचा कानाडोळा असतो. सोसायटीत सेक्रेटरींना एक पत्र पुरतं. रेल्वे स्टेशन, मेट्रो, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला किल्ला इथं ट्रायपॉड उघडला की वॉचमन येतोच. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, तिकीट लावून थेटरात दाखवायचं तर लागतं. गाण्यांच्या बाबतीत तर सर्रास गैरसमज आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण नामवंत गायकानं गायलेल्या त्याच अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क असतो आणि चालीवर संगीतकाराचा. यूट्यूबची यंत्रणा ते दोन-चार सेकंदांत ओळखते. ग्रुपमध्ये कुणीतरी पेटी वाजवणारं असतंच, त्याच्याकडून करून घ्यावं.

राहिला एडिट. पहिली जोडणी नेहमी लांबते, अठरा-वीस मिनिटं वगैरे. ऑस्करच्या नियमात शॉर्टफिल्म चाळीस मिनिटांपर्यंत असू शकते, पण मित्रांनी केलेली पहिली फिल्म आठ मिनिटांच्या पुढे गेली तर वरची मिनिटं दिग्दर्शकाच्या प्रेमापोटी राहिलेली असतात. कुठला शॉट पहाटे चारला उठून घेतला, हे प्रेक्षकाला माहीत नसतं. म्हणून कापायला असा माणूस बसवावा, जो सेटवर फिरकलाच नाही.

कापताना कुणाचं तरी काम जातं. बहुतेकदा ज्यानं घर दिलं त्याचंच, कारण त्याला मुरवत म्हणून भूमिका दिलेली असते. त्याला हे स्क्रीनिंगच्या आधी, समोर बसून सांगावं. तो आईवडिलांना, मावशीला, ऑफिसातल्या दोघांना घेऊन येणार असतो. श्रेयनामावलीत त्याचं नाव वर घ्यावं आणि ते शुद्ध लिहिलंय ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्यावं. वरच्या काकूंचंही नाव घालावं. पुढच्या फिल्मलाही मिक्सर त्यांचाच असणार आहे.