उभी चाळ

घरांच्या जाहिराती मी नेमाने वाचतो. घर घ्यायचे असते म्हणून नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाने मुंबई बेटावर घर घेण्याचा विचार डोंबिवलीच्या फलाटावरच सोडून गाडीत चढावे हे बरे. मी वाचतो ते त्यांतल्या शब्दांसाठी. एके काळी या जाहिरातींत 'सेल्फ कन्टेन्ड ब्लॉक' असे शब्द असत. त्याचे मराठी 'स्वयंपूर्ण ब्लॉक'. अर्थ इतकाच की, नळ घरात आणि संडासही घरात. पहाटे डबा घेऊन गॅलरीच्या टोकाला रांग लावायला नको. चाळीतल्या माणसाला त्या एका शब्दात मुक्ती दिसे. आता तो शब्द गेला. आता 'हाइट्स' आली, 'स्काय' आले, आणि लालबाग-परळच्या कमानींवरची नावे वाचताना आपण इटलीत उतरलो की फ्रान्समध्ये, असा प्रश्न पडू लागला. पण शब्द गेला तरी समजूत मागे राहिली. दार लावले की आपले घर आपल्यापुरते, असे उंच इमारतीतल्या प्रत्येकाला वाटते. मला मात्र असे दिसते की, या उंच घरांइतके परस्वाधीन घर माणसाने आजवर बांधलेले नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी आई २०१८ पासून परळमध्ये बावीस मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर राहते, थोरल्या भावाकडे. त्याआधी त्याच जागी आमची चाळ होती. तळमजला आणि वर तीन माळे, दर माळ्यावर चोवीस, अशा शहाण्णव खोल्या. आई तिथे १९७४ साली लग्न होऊन आली. वडील गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यामुळे गिरणीचा भोंगा मला आठवतो तो आठवणीतून की इतरांच्या सांगण्यातून, हे मलाच ठाऊक नाही.

मुंबईत माणसे एकावर एक रचण्याची कला काही आजची नाही. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा सरकारला कामगारांच्या खोल्यांतला काळोख प्रथम दिसला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) येथे २०७ चाळी उभ्या केल्या. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. झाल्या सुमारे सोळा हजार, आणि त्याही आरंभी रिकाम्या पडून होत्या. सिमेंट-काँक्रीटच्या त्या १६० चौरस फुटांच्या कोंदट खोल्यांत जायला कामगारच तयार होईना. त्याच बी. डी. डी. चाळींच्या जागी आता चाळीस मजली इमारती उठत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना त्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी तिप्पट जागा मिळाली, याचा आनंद मानू नये असे कोण म्हणेल?

आमची चाळ मात्र खाजगी मालकाची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे गरिबाला मुंबईत राहता आले, हे खरे. आणि महिना काही रुपये भाड्यात कोणताही मालक कौले बदलत नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही सत्ये एकाच छपराखाली चाळीस-पन्नास वर्षे नांदली आणि छप्पर गळत राहिले. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, तेव्हापासून आमच्या तुळयांना टेकू लागले. मी एम.ए.चा अभ्यास केला तो अशाच एका टेकूला पाठ लावून.

मग मजल्यांचे युग आले. साठीच्या दशकात कारमायकल रोडवर पंचवीस मजल्यांची 'उषाकिरण' झाली, ती श्रीमंतांची. १९८३ साली कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' पुरी झाली. अठ्ठावीस मजले आणि बिऱ्हाडे फक्त बत्तीस! तिच्या कोपऱ्यांत कोरियांनी दोन-दोन मजले उंचीच्या मोकळ्या बागा ठेवल्या. ऊन आणि पाऊस घराच्या आतल्या खोल्यांना थेट लागू नये म्हणून जुन्या बंगल्यांना व्हरांडा असे, तोच त्यांनी उचलून आकाशात नेला. गंमत पाहा, धनिकाच्या मनोऱ्याला व्हरांडा परत मिळाला आणि चाळकऱ्याच्या मनोऱ्यात त्याची होती ती गॅलरीही गेली. आईच्या मजल्यावर सहा दारे एका अंधाऱ्या बोळात एकमेकांकडे पाहत उभी आहेत. तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि त्या दिव्याचे बिल सहाही घरांना येते.

गिरण्यांच्या जमिनींची कथा सर्वांना ठाऊक आहे; थोडक्यात सांगतो. १९९१ च्या विकास नियमावलीत साधारण असे ठरले की, गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश घरबांधणीसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. एका शब्दाचा फेर, आणि शहराच्या वाट्याला तुकडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नियम उचलून धरला. मी व्याकरण शिकवतो. विशेषणाची किंमत विद्यार्थ्यांना सांगायची असली की हेच उदाहरण देतो. लोअर परळला श्रीनिवास मिल होती, तिथे आता २८० मीटर उंचीचा मनोरा आहे. तो ४४० मीटरच्या वर जायचा होता; विमानतळवाल्यांनी तेवढी उंची मंजूर केली नाही. गिरणगावात कुणाला तरी कुणीतरी 'इतके पुरे' म्हटल्याचे हे दुर्मिळ उदाहरण.

आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीचे गणित त्याच धर्तीचे, पण लहान. बिल्डरने जुन्या भाडेकरूंना फुकट घर बांधून द्यायचे, त्या बदल्यात त्याला जादा बांधकामाची परवानगी. जादा घरे विकून त्याने खर्च आणि नफा काढायचा. तेव्हा सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे. आम्ही २००९ मध्ये खोल्या सोडल्या आणि नऊ वर्षे संक्रमण शिबिरात काढली. वडील तिथेच गेले. शेवटी एकाच भूखंडावर दोन इमारती उभ्या राहिल्या: मागच्या अंगाला आमची बावीस मजल्यांची, तीत पहिले सहा मजले मोटारींचे, वर दर मजल्यावर सहा घरे, आणि पुढे रस्त्याच्या बाजूला विक्रीची, तिच्या दुप्पट उंच. दोघींची फाटके वेगळी. बागही आहे, ती पुढच्यांची. ती आमच्या खिडकीतून फार छान दिसते.

पहिल्या दिवशी आई खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "अरे, इथून तर भाऊच्या धक्क्याकडचा समुद्र दिसतो. चाळीस वर्षं इथे राहिले, समुद्र इतका जवळ आहे हे कुणी सांगितलंच नाही." तीनशे चौरस फूट, घरात नळ, घरात संडास. स्वयंपूर्ण!

आता हे स्वयंपूर्ण घर चालते कसे ते पाहा. पालिकेचे पाणी आपल्या दाबाने एकोणिसाव्या मजल्यावर चढत नाही. ते आधी जमिनीखालच्या टाकीत येते, तिथून पंपाने गच्चीवर जाते, गच्चीवरून खाली घरात उतरते. म्हणजे आई सकाळी चहाचे आधण ठेवते तेव्हा त्या पेलाभर पाण्याने बावीस मजल्यांची चढण आणि तीन मजल्यांची उतरण केलेली असते, आणि त्या प्रवासाचे भाडे विजेच्या बिलात असते. आगीसाठी वेगळी टाकी, वेगळा पंप, मजल्या-मजल्यावर नळ. चोवीस मीटरच्या वर गेले की आसऱ्याची मोकळी जागा ठेवावी लागते, आणि पुढेही ठरावीक मजल्यांनी. ही सगळी यंत्रणा वर्षानुवर्षे काही न करता उभी राहते. म्हणूनच पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते. २०२२ च्या जानेवारीत ताडदेवला वीस मजली इमारतीत आग लागून माणसे गेली, त्यानंतर महिनाभर आमच्याकडे आगीच्या पंपाची चौकशी झाली. महिना संपला, चौकशीही संपली.

आणि लिफ्ट. चाळीचा जिना मोडका होता, तरी तो बंद पडत नसे. गेल्या पावसाळ्यात दोन्ही लिफ्ट चार दिवस बंद होत्या. आईचे गुडघे बहात्तर वर्षांचे. ती चार दिवस वरच होती. दूध वहिनीने पायऱ्या चढून आणले. समुद्र मात्र दिसत होता.

चाळीत जे सामायिक होते ते डोळ्यांसमोर होते. नळ कोण उघडा ठेवतो, मोरी कोण धूत नाही, हे शहाण्णव खोल्यांना पाठ असे. त्यावरून भांडणे होत, पण भांडण म्हणजे एक प्रकारचा हिशेबच. मनोऱ्यात सामायिक गोष्टी चौपट झाल्या आणि सगळ्या भिंतीआड, जमिनीखाली, गच्चीवर गेल्या. दिसते ते फक्त महिन्याचे बिल.

कायद्याला ही गोष्ट आपल्यापेक्षा आधी कळली. मुंबईत तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी गावदेवीला सहकारी घरबांधणी सोसायटी काढली ती १९१५ साली. ओनरशिपच्या फ्लॅटचा कायदा झाला १९६३ मध्ये आणि अपार्टमेंटचा १९७० मध्ये. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची, आपण तिचे भागीदार. एका सभासदाला एक मत, आणि जिना-लिफ्ट-पहारेकऱ्याचा खर्च घर केवढेही असो, सारखा. अपार्टमेंटच्या, म्हणजे ज्याला पुण्याकडे सर्रास 'कन्डोमिनियम' म्हणतात त्या पद्धतीत, घर आपल्या एकट्याच्या मालकीचे, पण जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा न वाटता येणारा हिस्सा. घराच्या किमतीप्रमाणे हिस्सा, हिश्शाप्रमाणे खर्च आणि मतही. 'न वाटता येणारा' हे शब्द मला फार आवडतात. एकोणिसाव्या मजल्याखाली अठरा मजले आहेत आणि त्यांच्याखाली जमीन. तिचा आईच्या वाट्याचा तुकडा कुणीही खुंटी मारून दाखवू शकत नाही. इथे आमची तर आणखी एक तऱ्हा: सोसायटी नोंदली गेली, पण कन्व्हेयन्स झालेला नाही. मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या मालकाचेच नाव आहे. बिल्डर टाळत असेल तर सोसायटीला स्वतःच अर्ज करून मानीव कन्व्हेयन्स मिळवता येतो; २००८ मध्ये ती सोय झाली. त्यासाठी कागद गोळा करावे लागतात, आणि कागद कुणाच्या घरी आहेत यावर आमची तीन वर्षे चर्चा चालू आहे.

पैशाची गोष्ट आता सांगितलीच पाहिजे. घरे देताना बिल्डरने दर कुटुंबामागे तीन लाख रुपये सोसायटीच्या नावे ठेवले. व्याजात देखभाल भागेल असे सांगण्यात आले. सात टक्क्यांनी महिन्याला साडेसतराशे रुपये. आणि पहिल्या वर्षी खर्च एकोणीसशे होता, तेव्हा ते पटलेही. आज खर्च चार हजार सहाशे आहे. इमारत नवी होती तोवर काही मोडत नव्हते, आता मोडते. ज्या घरात पेन्शन हजार-दीड हजार, त्याने हे कुठून भरायचे? शहाण्णवांपैकी एकतीस घरांची थकबाकी आहे. काहींनी घर भाड्याने देऊन विरारची वाट धरली आहे. आई ज्यांच्याकडे विरजण मागत असे ते शेजारी आता तिथे असतात. त्यांच्या दारावर दोन तरुण मुले राहतात, ती सज्जन आहेत, पण रात्रपाळीची आहेत.

मागच्या वार्षिक सभेला मी आईला घेऊन गेलो होतो. सभा मोटारींच्या मजल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. चिटणीसांनी थकबाकीदारांची यादी वाचायला घेतली, तर मागून एक गिरणीतले जुने गृहस्थ उठले. म्हणाले, "नावं वाचू नका. चाळीत आपण कुणाची वाचली होती?" चिटणीस तरुण आहे, बँकेत नोकरीला आहे, आणि वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "काका, चाळीला लिफ्ट नव्हती." दोघांचेही खरे होते. मग कुणी सुचवले, दुपारी बारा ते चार एक लिफ्ट बंद ठेवावी. कुणी म्हणाले, वरच्या मजल्यांनी जास्त द्यावे. त्यावर आई बसल्या जागेवरून म्हणाली, "मग खालच्यांना समुद्र कमी दिसतो, त्याचंही काही कापून द्या." हशा झाला आणि तो विषय मागे पडला. एकतीस घरांशी मजल्या-मजल्याने दोघादोघांनी जाऊन बोलावे आणि हप्ते बांधून द्यावेत, एवढे ठरले. एकोणिसाव्या मजल्यावर आईचे नाव घातले आहे. तिच्या सहा दारांपैकी दोन थकलेली आहेत. पैकी एक उघडले, दुसऱ्यावर तीन वेळा जाऊन आली. लिफ्टच्या देखभालीचा करार येत्या फेब्रुवारीत संपतो.