तोतया मला आवडला, पण...

दोस्तांनो, एखाद्या लबाड माणसासाठी तुम्ही कधी देवाला साकडं घातलंय का? "देवा, याचं बिंग आज तरी फुटू देऊ नकोस," असं? मी घातलंय! रोज फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार लिहिणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या बाईंनी! पण दोष माझा नाही हं. दोष एका कादंबरीचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेलं इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश, आणि घरातले सगळे झोपलेले. वाचता वाचता कधी बारा वाजले कळलंच नाही.

कादंबरीचं नाव 'ब्रॅट फरार'. लेखिका जोसेफीन टे. ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे 'जोसेफीन टे' हे लेखिकेचं खरं नावच नव्हे! तिचं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसची ही बाई काही वर्षं मुलींना व्यायाम शिकवायची. नाटकं लिहिताना ती 'गॉर्डन डेव्हिअट' हे पुरुषाचं नाव घ्यायची. म्हणजे दोन दोन उसनी नावं! आणि लिहिली कुणाची गोष्ट? उसनं नाव घेऊन जगणाऱ्या मुलाची.

आता गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये 'लॅचेट्स' नावाचं एक घर आहे. घरात घोडे पाळतात, त्यांना शिकवतात, विकतात. आईवडील विमान अपघातात गेलेले. मुलांना वाढवलंय त्यांच्या बी आत्यानं. पॅट्रिक आणि सायमन हे जुळे भाऊ. त्यातला थोरला पॅट्रिक तेरा वर्षांचा असताना नाहीसा झाला. समुद्रकाठच्या कड्यावर त्याचा कोट आणि एक चिठ्ठी सापडली. तो बुडाला, असं सगळ्यांनी धरलं. आता आठ वर्षांनी सायमन एकवीस वर्षांचा होणार आणि सगळी इस्टेट त्याला मिळणार. अन् नेमका तेव्हाच एक तरुण येतो आणि म्हणतो, "मी पॅट्रिक!"

हाच आपला ब्रॅट. अनाथाश्रमात वाढलेला, पोटासाठी देशोदेशी भटकलेला. लोडिंग नावाच्या एका नटानं त्याला लंडनच्या रस्त्यावर पाहिलं आणि तो चक्रावलाच. हुबेहूब सायमन! हा लोडिंग अ‍ॅशबी घराण्याच्या शेजारचा, त्यामुळे त्याला घरातली खडान्‌खडा माहिती. लंडनच्या क्यू बागेत बसून त्यानं ब्रॅटकडून सगळं घोकून घेतलं. कोणती खोली कुठे, कुणाचा स्वभाव कसा, लहानपणी काय काय घडलं. इस्टेट मिळाली की लोडिंगला वाटा!

ब्रॅट आधी सरळ नाही म्हणतो, बरं का. पैशाचा मोह त्याला फारसा नाहीच. पण घोड्यांचं नाव निघतं आणि गडी विरघळतो.

त्यांची युक्ती मोठी हुशारीची आहे. पॅट्रिकची पहिली तेरा वर्षं पाठ केलेली, पण पुढची आठ वर्षं ब्रॅटची स्वतःची, अगदी खरी! वकील चौकशी करतात तेव्हा तो जे सांगतो त्यातलं बरंचसं घडलेलं असतं. निव्वळ खोटं लवकर पकडलं जातं. खऱ्यात कालवलेलं खोटं मात्र दुधातल्या पाण्यासारखं. डोळ्यांना दिसतच नाही.

आणि दुसरं म्हणजे, घरच्यांना तो पॅट्रिकच असायला हवा असतो. एवढ्या वर्षांनी पोर परत आलं, यापेक्षा आनंदाचं काय? माणूस आपल्या आशेपुढे आंधळा होतो. इंग्लंडमध्ये खरोखरच असं घडलं होतं. १८५४ साली रॉजर टिचबॉर्न नावाचा तरुण जहाजासकट समुद्रात नाहीसा झाला. आईनं आशा सोडली नाही, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. पुढे ऑस्ट्रेलियातून एक माणूस येऊन "मीच रॉजर" म्हणाला आणि आईनं त्याला जवळ घेतलं! शेवटी १८७४ साली कोर्टानं त्याला चौदा वर्षांची शिक्षा ठोठावली.

आपल्याकडचा तोतया तर तुम्हाला ठाऊकच असेल. १७६१ च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुष्कळांचं मन ते मानायला तयार नव्हतं. त्याचा फायदा घेऊन सुखनिधान नावाच्या माणसानं "मी भाऊ" म्हणत १७७६ मध्ये कोकणात बंड उभारलं. तेही मोडलं आणि त्याला देहदंड झाला.

म्हणजे तोतया येतो तो आपल्या मनातल्या आशेच्या दारानं. पालकहो, आज फोनवरून "तुम्हाला बक्षीस लागलंय, ओटीपी सांगा" म्हणणारा भामटाही त्याच दारानं येतो!

मग ब्रॅट मला का आवडला? कारण त्या घरात त्याला पहिल्यांदाच माया मिळते. आत्याचा हात पाठीवरून फिरतो आणि तो मनातून अवघडतो. ही माया आपली नाही, आपण चोरलेली आहे, हे त्याचं त्यालाच ठाऊक असतं. त्यात एक गोष्ट त्याला खुपायला लागते. सगळे हळूहळू त्याला पॅट्रिक मानतात, पण सायमनला ठाम खात्री असते की हा पॅट्रिक नाहीच. एवढी खात्री त्याला कशी? खरा पॅट्रिक गेला कुठे? ते शोधायचं तर स्वतःचं बिंग फोडावं लागणार. घर राखायचं की सत्य सांगायचं? पुढचं मी सांगणार नाही. मोठे झालात की वाचा!

मला मात्र पुस्तक मिटल्यावर झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा सांगायचा, "माझे बाबा दुबईला आहेत, मला सायकल आणणार आहेत." मुलं त्याच्याभोवती गोळा व्हायची. एक दिवस कळलं की बाबा गावातच असतात, हाताला काम नाही. मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हटलं, "खोटारडा!" तो काही बोलला नाही. त्यानंतर तो वर्गात कुठलीच गोष्ट सांगेनासा झाला.

त्याचं खोटं बोलणं चूकच होतं. ते मी आजही चूकच म्हणेन. पण आता वाटतं, आधी त्याला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, "बाळा, तुला काय हवंय रे?" ब्रॅटला घर हवं होतं. या पोराला कदाचित मित्र हवे होते. खोटं पकडणं सोपं असतं. त्याच्यामागे काय दडलंय ते पाहायला मला एक कादंबरी वाचावी लागली.

आता तुमची पाळी. वर्गात कुणी थापा मारत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, हसूही नका. मधल्या सुट्टीत त्याला डबा खायला आपल्याजवळ बसवा. बघा, दोन-चार दिवसांनी तो आपणहून काय सांगतो ते!