रेडिएटरची तोटी

जुनी मोटार ही कित्येक घरांत वडिलांच्या हातची ठेव म्हणून सांभाळली जाते. बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांत तयार होणारी अँबॅसडर २०१४ सालीं बंद झाली. तथापि ज्यांनीं ती जपली त्यांच्या अंगणांत ती अद्याप उभी आहे. अशा गाडीखालीं सकाळीं एखादा ओला डाग दिसतो, आणि “एवढ्याशा थेंबानें काय व्हायचें आहे!” असें म्हणून मंडळी तिकडे दुर्लक्ष करितात. थेंबें थेंबें तळें सांचतें, ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. थेंबें थेंबें तळें आटतेंहि, हें तिचें दुसरें अंग होय.

इंजिनांत इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा बराच भाग पाणी वाहून नेतें आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाऱ्याच्या स्वाधीन करितें. पाणी कमी पडलें म्हणजे घाटाच्या चढावर इंजिन उकळूं लागतें, सिलिंडरचें हेड वांकतें, त्याखालचें गास्केट फुटतें, आणि मग तोटीच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च सोसावा लागतो.

ही तोटी मुळांत बसविली कशासाठीं? अँबॅसडरचें मूळ मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडींत आहे. गोठण्यास अटकाव करणारीं द्रव्यें प्रचारांत येण्यापूर्वीं थंड देशांतील मोटारवाले हिवाळ्यांत रात्रीं गाडींतील पाणी काढून टाकीत. कारण पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें, आणि बिडाचें इंजिनहि त्यापुढें तडकतें. आपल्याकडे हिमाचें भय नाहीं. पण जड पाण्याचा क्षार आणि आंतील गंज यांचा निचरा करण्यास हीच तोटी उपयोगीं पडते. हाच क्षार पुढें तोटीच्या तोंडाशीं बसतो, वॉशर कडक होऊन चिरतें, आणि गळती सुरू होते.

गळती खरोखर तोटीचीच आहे काय, हें प्रथम ठरवावें. वरील रबरी नळीची क्लिप सैल असली तरी पाणी ओघळून तोटीवरूनच टपकतें. यासाठीं सर्व भाग कोरडा पुसून ओलावा कोठें प्रथम उमटतो तें पाहावें. रेडिएटरमध्यें हळदीची पूड टाकण्याचा उपाय ड्रायव्हर मंडळींस ठाऊक असतो. वाटेंत अडलेली गाडी घरीं आणण्यापुरता तो क्षम्य आहे. परंतु जी पूड भोक बुजविते ती बारीक नळ्याहि बुजविते.

तोटी बदलण्याचें काम इंजिन पूर्ण थंड असतांनाच करावें. वाफेनें भरलेल्या कुकरचें झाकण कोणतीहि गृहिणी उघडीत नाहीं. तापलेल्या रेडिएटरचें झाकण तसेंच समजावें. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. खालीं रुंद घमेलें ठेवून वरचें झाकण काढावें, म्हणजे आंत हवा शिरून पाणी सुरळीत उतरेल.

जुनी तोटी सोडवितांना दोन पाने घ्यावेत. तोटी ज्या पितळी बसक्यांत फिरते तो टाकीच्या पातळ पत्र्यास झाळलेला असतो. एका पान्यानें तो बसका धरून दुसऱ्यानें तोटी फिरवावी. नाहींतर झाळ उकलून नवीच गळती पदरीं पडते. जुनी तोटी बरोबर घेऊनच दुकानांत जावें, कारण इंग्रजी व मेट्रिक आंटे डोळ्यांना सारखे दिसले तरी एकमेकांत बसत नाहींत. बळानें बसविल्यास दोहोंचाहि नाश होतो. आंटे स्वच्छ करून, नवें वॉशर घालून तोटी प्रथम हातानें बसवावी व मग पान्यानें जेमतेम आवळावी. तोटी प्लास्टिकची असेल तर हाताचाच जोर पुरे.

नंतर शुद्ध केलेलें पाणी व कूलंट यांचें योग्य मिश्रण सावकाश भरावें. झाकण उघडें ठेवून इंजिन कांहीं वेळ चालवावें, म्हणजे आंत अडकलेली हवा बुडबुड्यांनीं निघून जाईल. पातळी उतरेल तसतसें मिश्रण घालीत जावें. दुसरे दिवशीं गाडी थंड असतांना पुन्हां पाहावें.

आतां घमेल्यांत उरलेल्या द्रवाविषयीं. मुलाबाळांच्या घरांत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बहुतेक कूलंटमध्यें एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड असून विषारी आहे. कुत्रीं-मांजरें तें चाटतात, आणि त्यानें मूत्रपिंडें निकामी होऊन मरण येऊं शकतें. लहान मुलांसहि तेंच भय आहे. म्हणून घमेलें क्षणभरहि उघडें सोडूं नये. द्रव विहिरीजवळ, गटारांत वा झाडांच्या आळ्यांत ओतूं नये. तो घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून, त्यावर ‘विष’ असें ठळक लिहून गॅरेजवाल्याच्या हवालीं करावा. सरबताच्या जुन्या बाटलींत मात्र कदापि भरूं नये.

ऋण, अग्नि आणि रोग यांचा शेष ठेवूं नये, असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. ज्या घरीं जुनी गाडी आहे तेथें त्या यादींत गळतीचीहि भर घालावी.